मसाला वेलचीच्या बागेतील बंबलबी

सिक्कीम, दार्जिलिंग-कालिम्पोंगचा डोंगराळ प्रदेश, पूर्व नेपाळ आणि भूतान या पट्ट्यातील ओलसर, सावलीच्या उतारांवर मसाला वेलचीचे पीक घेतले जाते. मराठी स्वयंपाकघरात मालवणी मसाल्यापासून काळ्या मसाल्यापर्यंत अनेक मिश्रणांत पडणारी, काळपट सालीची आणि धुरकट वासाची ही बोंडे शेकडो मैलांवरच्या डोंगरांतून येतात हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या बोंडांत दाणे भरण्यासाठी ज्या कीटकाची गरज पडते त्याचे नाव मसाल्याच्या व्यापारात, आणि पुष्कळदा शेतीच्या चर्चेतही, कोठे ऐकू येत नाही. हा कीटक म्हणजे बॉम्बस हीमोऱ्हॉइडॅलिस या शास्त्रीय नावाची हिमालयातील बंबलबी. तिला कोणी पाळत नाही, तिचा मध कोणी काढत नाही, आणि वेलचीच्या फुलांवर सर्वाधिक संख्येने दिसणारी माशीही ती नव्हे; तरीही फळधारणेचे श्रेय मुख्यत्वे तिच्याकडे जाते. फुलावर येणारा प्रत्येक कीटक परागवाहक असतो, आणि माश्यांची संख्या वाढवली की परागीभवन आपोआप वाढते, या समजुतीला या एका पिकाने चांगलाच छेद दिला आहे.

बंबलबी ही मधमाशीच्याच कुळातील, परंतु आकाराने बरीच मोठी, गोलसर आणि अंगभर दाट केस असलेली माशी आहे. जीवशास्त्रात जवळच्या नात्याच्या जातींचा जो गट मानतात त्यास प्रजाती म्हणतात, आणि बंबलबींच्या साऱ्या जाती बॉम्बस या एकाच प्रजातीत मोडतात. जगात त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक थंड प्रदेशांत किंवा उंच पर्वतांवर राहतात. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील एम. एस. सैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय हिमालयातून ४८ जातींची नोंद केली आहे. सह्याद्रीत मात्र बंबलबी नाही. महाराष्ट्रात घराच्या लाकडी वाशाला किंवा वाळलेल्या बांबूला गोल भोके पाडून राहणारा, काळा-निळसर चमकदार भुंगा ही वेगळ्या प्रजातीची, एकेकटी राहणारी माशी असून तिचे पोट गुळगुळीत असते, तर बंबलबीचे पोटही केसाळ असते.

दाट केसांचा आणि थंड हवेचा संबंध उघड असला तरी केस हे या माशीच्या यशाचे अर्धेच कारण आहे. उडण्यासाठी तिच्या छातीतील स्नायूंचे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते, आणि बाहेर गारठा असताना ती पंख स्थिर ठेवून केवळ त्या स्नायूंना थरथरवते व अंगातच उष्णता निर्माण करते. केसांचे काम ती उष्णता टिकवण्याचे. या थरथरण्यात मकरंदातील साखर फार वेगाने जळते, म्हणून बंबलबीचे सारे जीवन उष्णतेचा खर्च आणि फुलांतून होणारी मिळकत यांच्या ताळेबंदावर चालते, असे बर्न्ड हाइनरिख या जीवशास्त्रज्ञाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडले. साहजिकच मधमाश्या पोळ्यातच थांबतात अशा धुक्याच्या, ढगाळ, गार सकाळी बंबलबी फुलांवर काम करताना आढळते. तिच्या उड्डाणक्षमतेची मर्यादा तपासण्यासाठी चीनमधील सिचुआन प्रांतात ३२५० मीटर उंचीवर पकडलेल्या एका जातीच्या माश्या हवेचा दाब कमी करता येणाऱ्या पेटीत ठेवण्यात आल्या, तेव्हा त्यांतील काही माश्या ९००० मीटरहून अधिक उंचीवर असेल इतक्या विरळ हवेतही तरंगू शकल्या. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या उंचीवर फुले नसतात ही गोष्ट वेगळी.

बॉम्बस हीमोऱ्हॉइडॅलिस ही जाती ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथ याने १८५२ साली प्रथम वर्णिली. तिच्या अंगावर काळ्या केसांचे प्राबल्य असते आणि पोटाचे टोक तांबूस असते. हिमालयाच्या पश्चिम टोकापासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनपर्यंत तिचा आढळ आहे. बर्फाच्या सीमेजवळ राहणाऱ्या तिच्या भावंडांच्या तुलनेत ती खालच्या आणि मधल्या उंचीवर, म्हणजे माणसाची शेती असलेल्या पट्ट्यात अधिक दिसते, आणि पिकांशी तिचा संबंध येतो तो या निवासामुळेच.

तिचे कुटुंब एका वर्षापुरते असते. हिवाळा मातीत एकटीने निपचित पडून काढलेली राणी वसंताच्या सुरुवातीस बाहेर पडते, आरंभीच्या फुलांवर पोट भरते आणि उंदरांनी सोडून दिलेले बीळ, दगडी बांधातील पोकळी किंवा गवताच्या जाड थराखालची जागा शोधून तेथे मेणाची लहानशी कुपी बनवून तीत मकरंद साठवते. परागांच्या गोळ्यावर घातलेल्या अंड्यांना ती आपल्या पोटाच्या उबेने उबवते. त्यातून पहिल्या कामकरी माश्या निघेपर्यंत अन्न आणणे, घरटे सांभाळणे आणि अंडी उबवणे ही सारी कामे तिला एकटीला करावी लागत असल्यामुळे या काही आठवड्यांत सलग पाऊस लागला किंवा जवळपास फुले नसली तर घरटे उभेच राहत नाही. कामकरी माश्या आल्यावर राणी बाहेर पडणे थांबवते, वसाहत वाढते, तिच्या अखेरच्या काळात नर आणि नव्या राण्या जन्मतात, मीलन झालेल्या राण्या जमिनीत शिरतात आणि बाकीचे कुटुंब संपते. मधमाश्यांच्या एका वसाहतीत हजारोंनी माश्या असतात, तर बंबलबीच्या घरट्यात काही डझनांपासून फार तर काही शेकड्यांपर्यंत. वर्षभराचा साठा करण्याची तिला गरज नसल्याने तिच्या घरट्यात माणसाने काढून घ्यावा एवढा मध कधीच नसतो. या माशीकडे माणसाचे इतके दुर्लक्ष का झाले याचे कारण येथेच सापडते.

मसाला वेलची ही आले आणि हळद यांच्या कुळातील वनस्पती असून अमोमम सबुलॅटम हे तिचे शास्त्रीय नाव आहे. जमिनीखालील कंदांपासून तिचे उंच, रुंद पानांचे ताटवे उगवतात. रामसे, सावने, गोलसे असे तिचे स्थानिक वाण वेगवेगळ्या उंचींवर लावले जातात. रामसे वरच्या थंड उतारांवर, गोलसे खालच्या उबदार भागात आणि सावने मधल्या पट्ट्यात. नेपाळी भाषेत ज्याला उत्तिस म्हणतात त्या झाडाची सावली या पिकाला विशेष मानवते, कारण त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन मातीत आणतात आणि पानगळीने जमिनीवर सुपीक थर साचतो. पावसाळ्याच्या अखेरीपासून बोंडांची काढणी सुरू होते आणि ती भट्टीवर, लाकडाच्या धगीने वाळवली जातात. मसाल्याला येणारा धुराचा वास हा या भट्टीचा.

फुलोरा मात्र या उंच ताटव्याच्या शेंड्याला येत नाही. तो बुंध्याशी, जमिनीला जवळजवळ टेकलेल्या आखूड, दाट कणसाच्या रूपात येतो, आणि त्यातील पिवळसर फुले एकदम न उमलता रोज थोडीथोडी, कित्येक दिवस उमलत राहतात. एकेका फुलाचे आयुष्य एका दिवसाचे असते. पहाटेच्या सुमारास फूल उमलते, थोड्याच वेळात त्याचा परागकोष, म्हणजे पराग साठवणारी पिशवी, फुटते आणि दिवसाच्या आत परागीभवन झाले तर ठीक, नाही तर ते फूल फळ न धरताच गळते. वेलचीचे फूल स्वतःच्याच परागांनीही फळ धरू शकते, परंतु ते पराग स्वतःहून योग्य ठिकाणी पोचत नाहीत. त्यामुळे कीटकांना दूर ठेवण्यासाठी कणसावर जाळी बांधली तर फळधारणा होत नाही.

याचे कारण फुलाच्या रचनेत आहे, आणि ती रचना जवळून पाहण्यासारखी आहे. आल्याच्या कुळातील फुलांत कार्यक्षम पुंकेसर एकच असतो आणि त्याच्या परागकोषाच्या दोन कप्प्यांमधल्या खाचेतून स्त्रीकेसराची बारीक दांडी वर जाते. पराग स्वीकारणारे तिचे टोक, ज्याला कुक्षी म्हणतात, ते परागकोषाच्या किंचित पुढे डोकावते. समोर ओठासारखी रुंद पाकळी पसरलेली असते. मकरंद तळाशी असल्याने तेथे पोचू पाहणाऱ्या कीटकाला ही पाकळी आणि वर झुकलेला केसर यांच्यामधल्या अरुंद वाटेने आत शिरावे लागते. बंबलबी पाकळीवर उतरते आणि डोके खाली घालून आत घुसते, तेव्हा तिची रुंद, केसाळ पाठ आधी कुक्षीला घासते आणि मागच्या फुलातून आलेले पराग तेथे चिकटतात. आणखी आत गेल्यावर तीच पाठ परागकोषाला घासून नव्या परागांनी माखते. बंबलबी अंगावरचे पराग पायांनी झाडून आपल्या पिल्लांसाठी गोळा करते, पण पाठीच्या मध्यरेषेवर तिचे पाय नीट पोचत नाहीत, आणि नेमक्या त्या पट्ट्यावर चिकटलेले पराग पुढच्या फुलापर्यंत सुरक्षित जातात.

सातेरी, म्हणजे महाबळेश्वरच्या परिसरात पेट्यांतून पाळली जाणारी देशी मधमाशी, सिक्कीमच्या वेलचीबागांतही मोठ्या संख्येने येते. तिचा आकार या वाटेच्या मानाने लहान असतो. ती थेट परागकोषावर उतरून पायांनी पराग खरवडून घेते, किंवा आत शिरली तरी तिची पाठ वरच्या कुक्षीपर्यंत पोचत नाही. तिच्या पायांवरच्या टोपल्या भरतात आणि फुलाच्या पदरी काहीच पडत नाही. उलट बंबलबीने वाहून न्यायचे पराग सकाळीच संपून जातात. अशा कीटकांना परागचोर म्हणण्याची शास्त्रीय प्रथा आहे. मध देणाऱ्या, कष्टाळूपणाचा आदर्श म्हणून शिकवल्या जाणाऱ्या सातेरीला हे विशेषण लागावे याचे वाचकाला नवल वाटेल, परंतु तिचे वर्तन बदललेले नसते, बदललेले असते ते फूल. मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या शेतात तीच माशी उत्तम परागवाहक ठरते.

पी. ए. सिनू, के. आर. शिवण्णा आदी शास्त्रज्ञांनी या विषयावर २०११ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने मधमाशी आणि बंबलबी यांच्या भूमिकांतील हा भेद ठळकपणे पुढे आणला. बंबलबी हीच मसाला वेलचीची एकमेव परागवाहक आहे काय, असा प्रश्न त्या निबंधाच्या शीर्षकातच विचारलेला आहे. त्याच सुमारास बॉम्बस ब्रेव्हिसेप्स या दुसऱ्या बंबलबीनेही मसाला वेलचीचे परागीभवन कार्यक्षमतेने होते असे दिसून आले. म्हणजे उंची आणि परिसर यांनुसार जाती बदलू शकते. न बदलणारी गोष्ट ही की, फुलाच्या मापाला बसणारे अंग लागते, आणि ते अंग बंबलबीचे आहे.

या मापाच्या जुळणीला एक धोकाही चिकटलेला आहे. वेलची फुलते तेव्हा वसंत नुकताच सरत असतो आणि अनेक घरट्यांत राणीबरोबर मोजक्याच कामकरी माश्या असतात. म्हणजे पिकाला परागवाहकाची सर्वाधिक गरज असते त्या वेळी परागवाहकांची संख्या सर्वांत कमी असण्याचा संभव असतो. शिवाय वेलचीचा बहर थोड्या आठवड्यांचा, तर घरट्याला अन्न लागते ते वसंतापासून शरदापर्यंत. मधल्या आणि पुढच्या महिन्यांत ते कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर बागेबाहेर मिळते. आरंभी ऱ्होडोडेंड्रॉन, ज्याला नेपाळीत गुरांस म्हणतात, आणि इतर रानझाडांची फुले. पावसाळ्यात ओढ्याकाठी माजणारे तेरड्याच्या प्रजातीतील कित्येक प्रकार, ज्यांच्या फुलांची पिशवीसारखी रचना बंबलबीच्या अंगाला आणि लांब जिभेला सोयीची असते. आणि बांधावरची, शेतकऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी अशी झुडपे व तण. बाग कितीही चांगली राखली, तरी भोवतालचे जंगल मोकळे केले तर केवळ वेलचीच्या बहरावर घरटे टिकत नाही. सिक्कीम हे राज्य २०१६ साली संपूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झाले असून रासायनिक कीटकनाशकांवरील बंदी या माशीच्या दृष्टीने निश्चितच अनुकूल आहे, परंतु विष नसणे आणि अन्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिक्कीममधील मसाला वेलचीचे उत्पादन गेल्या काही दशकांत घसरल्याची चर्चा बरीच झाली आहे, आणि तिचे खापर एकट्या परागीभवनावर फोडणे चुकीचे ठरेल. चिर्के आणि फुर्के या स्थानिक नावांनी ओळखले जाणारे विषाणुजन्य रोग, बुरशीचा करपा, जुन्या झालेल्या बागा आणि लहरी पाऊस ही कारणे अधिक उघड आहेत. तथापि बहराच्या दिवसांत लागणारा सततचा पाऊस पिकाला दुहेरी मारतो: जमिनीलगतची फुले सडतात आणि बंबलबीला बाहेर पडता येत नाही, आणि एका दिवसाच्या फुलाला वाट पाहण्याची मुभा नसते. तापमानवाढीचा प्रश्न याहून खोल आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बंबलबींच्या ६७ जातींच्या ११० वर्षांतील नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात या माश्यांच्या वस्तीची दक्षिण सीमा काही ठिकाणी सुमारे ३०० किलोमीटर मागे सरकल्याचे, आणि उत्तर सीमा मात्र त्या प्रमाणात पुढे न गेल्याचे दिसले. उष्ण बाजूने प्रदेश घटला आणि थंड बाजूने वाढला नाही. हिमालयात माशीला अक्षांश ओलांडण्याऐवजी उंची चढता येईल, पण वेलचीची बाग तिच्याबरोबर चढत नाही.

परागवाहक कमी पडत असेल तर तो वाढवून आणावा, हा विचार जगात अन्यत्र प्रत्यक्षात आलेला आहे. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोषात बंद असतात आणि ते बाहेर काढण्यासाठी फूल हलवावे लागते. बंबलबी फूल धरून छातीचे स्नायू गुणगुणत थरथरवते आणि पराग तिच्या पोटावर झडतात. मधमाशीला हे साधत नाही. महाराष्ट्रातील वांग्याच्या शेतात हेच काम लाकूड पोखरणारे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्या करतात. युरोपातील टोमॅटोच्या काचगृहांत मजूर विजेच्या कंपक काड्यांनी एकेक घोस हलवत असत. रोलंड दे योंगे या बेल्जियन पशुवैद्याने १९८५ च्या सुमारास बॉम्बस टेरेस्ट्रिस ही युरोपीय बंबलबी काचगृहात सोडून पाहिली, तिची उपयुक्तता सिद्ध झाली आणि काही वर्षांतच खोक्यांत वाढवलेल्या वसाहतींचा जागतिक व्यापार उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही खोकी चिलीत पोचली. माशी काचगृहांत राहिली नाही. ती अँडीज ओलांडून अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात पसरली, आणि तेथील मूळची बॉम्बस डाहलबोमी, जी जगातील सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक आहे, तिची संख्या इतक्या झपाट्याने घटली की ती आता संकटग्रस्त जातींत गणली जाते. पाहुण्या माशीबरोबर आलेले परजीवी हे या ऱ्हासाचे एक संभाव्य कारण मानले जाते. जपाननेही २००६ साली याच युरोपीय जातीला उपद्रवी परकीय जीव म्हणून नियंत्रणाखाली आणले.

भारतात या अनुभवाचा अर्थ ध्यानात घेऊन स्थानिक जातीच वाढवण्याचा मार्ग पत्करलेला दिसतो. हिमाचल प्रदेशातील सोलनजवळ नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या व वनविद्या विद्यापीठात वसंतात पकडलेल्या बॉम्बस हीमोऱ्हॉइडॅलिसच्या राण्यांना लाकडी पेट्यांत बसवून वसाहती वाढवण्याचे आणि पॉलिहाऊसमधील टोमॅटो व इतर भाज्यांसाठी त्या वापरून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. बंदिस्त शेतीसाठी हा उपाय आशादायक आहे. वेलचीच्या उघड्या, जंगलाला लागून असलेल्या उतारावर मात्र पेटीतील माशी बागेतच राहील याची हमी नसते, आणि दर वसंतात पकडलेली प्रत्येक राणी ही रानातील एक न बसलेले घरटे असते. हिमाचलात वाढवलेल्या वसाहती सिक्कीममध्ये नेणे हा तर, जाती एकच असली तरी, परजीवी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचवण्याचा सोपा मार्ग ठरेल.

म्हणून वेलचीच्या बागेत करण्याजोगे काम बरेचसे विळ्याशी निगडित आहे. बहरापूर्वी ताटव्यांच्या बुंध्याशी साचलेला पालापाचोळा आणि वाळलेले कोंब दूर केले तर जमिनीलगतची फुले माशीला दिसतात आणि तिला तेथे उतरता येते; ही सफाई आवश्यकच आहे. परंतु तोच विळा बांधावर, दगडी कडांवर आणि ओढ्याकाठी चालला तर घरट्यांच्या जागा आणि पावसाळ्यातील तेरड्याची फुले दोन्ही नाहीशी होतात. बुंधे मोकळे करावेत आणि कडा निदान शरदापर्यंत, म्हणजे नव्या राण्या मीलनासाठी उडून जमिनीत शिरेपर्यंत, तशाच राखाव्यात, एवढा फरक पुढच्या वर्षीच्या बहराला किती माश्या मिळणार यावर परिणाम करू शकतो. काढणीचा हंगामही याच महिन्यांत येत असल्याने बागेतील वर्दळ तेव्हा सर्वाधिक असते, आणि कडांची साफसफाई सहसा याच धांदलीत उरकली जाते.